जुन्या पेंटियम ४ मध्ये दुसरी आयडीई हार्ड डिस्क: दोन्ही लावल्या की डिटेक्टच होत नाहीत, एकटी लावली की १६० ची १३७ दिसते

जुनंयंत्र:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्याकडे पेंटियम ४ चा जुना पीसी आहे, ५१२ एमबी रॅम, एक्सपी सर्व्हिस पॅक २, आत ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या केबलवर चालणारी) डिस्क. हा पीसी मी फक्त एका कामासाठी जपून ठेवलाय, पॅरलल पोर्टवर चालणारा एक फ्लॅटबेड स्कॅनर आहे आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कशावरच चालत नाही, ड्रायव्हरची सीडी कधीच हरवली, त्यामुळे इन्स्टॉल झालेला आहे तो हाच. घरातले सगळे जुने अल्बम मी त्याच्यावर स्कॅन करतेय, अर्धे झालेत.

गेल्या आठवड्यापासून डिस्क मधेच खट खट आवाज करते आणि पीसी दहा-पंधरा सेकंद गोठतो. एका बंद पडलेल्या पीसीतून १६० जीबीची आयडीई डिस्क मिळाली, म्हटलं ही लावू आणि सगळं हिच्यावर घेऊ. जुन्या डिस्कच्या केबलला एकच कनेक्टर होता म्हणून सीडी ड्राइव्हची दोन कनेक्टरवाली केबल काढून दोन्ही डिस्क तिच्यावर लावल्या, तर बायोस (पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) डिटेक्ट करताना बराच वेळ अडकतो आणि शेवटी दोन्ही नाहीत म्हणतो. नवीन एकटी लावली तर दिसते, पण बायोसमध्ये १३७ जीबी. एक्सपीची अगदी पहिली सीडी घालून पाहिलं तर सेटअपमध्ये १३१ हजार एमबीच्या आसपास आकडा आला. तिथेच थांबले, पार्टिशन केलेलं नाही. डिस्क खराब आहे की माझं काही चुकतंय?

पेशन्स४०:
ताई, थांबलात ते फार बरं केलंत. आणि आता एक करा, तो पीसी जुन्या डिस्कवरून परत चालू करूच नका. खट खट करणारी डिस्क म्हणजे हेड एखादा भाग परत परत वाचायचा प्रयत्न करतंय, आणि विंडोज चालू असलं की तुम्ही काही नाही केलं तरी ते मागे लिहीत-वाचत बसतं. त्या डिस्कमध्ये अजून जेवढं आयुष्य असेल ते फक्त कॉपी काढण्यासाठी वापरायचं. बाकी १३७ वगैरे सगळं नंतर.

दोन्ही गायब होतात ते बहुतेक जंपरमुळे. एका आयडीई केबलवर एक मास्टर (पहिली) आणि एक स्लेव्ह (दुसरी) एवढंच चालतं, आणि कोण कोणती ते जंपर नावाची छोटी टोपी ठरवते. जुनी मास्टरवर असणारच, आणि नवीन दुसऱ्या पीसीतून काढलीत म्हणजे तीही मास्टरवर असणार, दोघी एकदम उत्तर देतात आणि बायोसला कोणीच नीट ऐकू येत नाही. डिस्कच्या मागे, पॉवर आणि डेटा कनेक्टरच्या मधे छोट्या पिना असतात, त्यावरची टोपी कुठे बसवायची त्याचं चित्र लेबलवर असतं. लेबल नीट बघा, काही डिस्कना एकटी असताना वेगळं सेटिंग आणि सोबत स्लेव्ह असताना मास्टरचं वेगळं सेटिंग असतं. हे माहीत नसेल तर माणूस डिस्क मेली समजून टाकून देतो, मी स्वतः एक चांगली डिस्क अशी महिनाभर बाजूला टाकून ठेवली होती.

मोकळास्लॉट:
जंपरच्या भानगडीत पडायचं नसेल तर दोन्ही केबल सिलेक्टवर ठेवा ना, मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण ते केबल आपोआप ठरवते.

पेशन्स४०:
@मोकळास्लॉट ते ८० तारांच्या केबलवर. ताईंनी सीडी ड्राइव्हची केबल काढलीय, ती जुनी ४० तारांची असायची शक्यता जास्त, आणि तिच्यावर केबल सिलेक्टचा बहुतेक वेळा भरवसा नसतो. ओळखायचं सोपं आहे, कनेक्टर दोन्हींचा ४० पिनांचाच असतो पण ८० वालीच्या तारा अगदी बारीक आणि दाट असतात, ४० वालीच्या जाड, बोटाला वेगळ्या लागतात. जास्तीच्या ४० तारा सगळ्या ग्राउंडच्या, सिग्नलच्या तारांच्या मधेमधे घातलेल्या, म्हणजे एकीचा गोंधळ दुसरीत जात नाही. त्या नसतील तर स्पीड अल्ट्रा डीएमए ३३ च्या (सेकंदाला ३३ एमबी) वर जात नाही.

ताई, ८० तारांची दोन कनेक्टरवाली केबल मिळवा. निळं टोक मदरबोर्डला, शेवटचं काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लाल रेघ एक नंबर पिनकडे, डिस्कवर ती बहुतेकदा पॉवरच्या बाजूला असते. आणि आता माझं म्हणणं असं की दोन्ही डिस्क एका केबलवर लावूच नका. आजारी डिस्क अडकली की त्या चॅनलवरची, म्हणजे त्याच केबलवरची, दुसरीही तिच्यासाठी ताटकळत बसते. जुनी तिच्या मूळच्या केबलवर प्रायमरीला (बोर्डवरच्या पहिल्या आयडीई सॉकेटला) एकटी राहू दे, तिला हातही लावू नका. सेकंडरीवर (दुसऱ्या सॉकेटवर) नवीन केबल, तिच्यावर १६० जीबी मास्टर आणि सीडी ड्राइव्ह स्लेव्ह. सीडी ड्राइव्हचाही जंपर बदलायला विसरू नका, त्यालाही असतो.

निळीवायर:
१३७ चं मी सांगतो, डिस्क बिघडलेली नाही. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या सेक्टरचा (डेटाच्या छोट्या तुकड्याचा) पत्ता २८ बिटांत लिहायचे. २८ बिटांत साधारण २६ कोटी ८४ लाख पत्ते होतात, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार केला की १३७ जीबी आणि थोडं. तोच आकडा १०२४ च्या हिशोबाने १२८, म्हणून विंडोज १२७ च्या आसपास दाखवतं आणि सेटअप १३१ हजार एमबी. तुमचे तिन्ही आकडे एकच आहेत. पुढे ४८ बिटांचा पत्ता आला, पण तुमचा बायोस त्याच्या आधीचा आहे आणि एक्सपीची पहिली सीडीही. एक्सपीला हे सर्व्हिस पॅक १ पासून कळतं, म्हणजे तुमच्या सर्व्हिस पॅक २ ला कळेल.

धोका कुठे आहे ते सांगतो, हे कृपया नीट वाचा. समजा पूर्ण १६० चं पार्टिशन केलंत आणि कधीतरी तीच पहिली सीडी घालून रिपेअर करायला गेलात. तिला १३७ च्या पलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही, वरचे बिट गळून पडतात आणि जे पलीकडे लिहायचं ते डिस्कच्या सुरुवातीला जाऊन बसू शकतं, जिथे पार्टिशन टेबल आणि फाइलसिस्टिमची मुळं असतात. एरर येईलच असंही नाही. फाइल्स गेल्यात हे आठवड्याने कळतं.

मोकळास्लॉट:
बायोस अपडेट करा मग, बोर्डच्या कंपनीच्या साइटवर नवीन फाइल असेल तर १६० पूर्ण दिसेल. किंवा आयडीई सोडाच, पीसीआय स्लॉटमध्ये (बोर्डवरची जास्तीची कार्डं बसवायची जागा) साटा (आयडीईच्या नंतर आलेली जोडणी) कार्ड टाका आणि नवी साटा डिस्क लावा. सिलिकॉन इमेज ३११२ वाली कार्डं या जुन्या पीसींत छान चालतात, त्यांचा स्वतःचा बायोस असतो, मदरबोर्डच्या बायोसची मर्यादा आडवीच येत नाही. पीसीआयची सेकंदाला १३३ एमबीची हद्द आहे पण या मशीनला ती पुरून उरते.

निळीवायर:
कार्डचं म्हणणं बरोबर आहे, फक्त एक्सपी हलवण्याआधी जुन्या डिस्कवरून बूट करून त्या कार्डचा ड्रायव्हर आत टाकावा लागतो, नाहीतर बूट होताना निळी स्क्रीन, सात-बी वाली, म्हणजे विंडोजला बूट डिस्कच सापडत नाही. आणि आत्ता ती डिस्क विंडोजमध्ये चालवायची नाही असं वर ठरलंय. बायोस फ्लॅशचं मी तरी सांगणार नाही, अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड गेलं, आणि बोर्ड गेलं की स्कॅनर गेला. मिळणार काय तर विंडोजच्या हिशोबाने २१ जीबी जास्त. सोडून द्या ते २१. शेवटचा भाग रिकामाच ठेवायचा, एकही पार्टिशन १२७ च्या पलीकडे न्यायचं नाही, मग कुठलीही सीडी घातली तरी भीती नाही.

जुनंयंत्र:
खूप खूप आभार सगळ्यांचे. जंपर पाहिला, दोन्ही मास्टरवरच होत्या! सीडीची केबल जाड तारांचीच निघाली. ८० तारांची केबल मिळाली. आता कॉपी कशाने काढू? साधं फाइल कॉपी केलं तर ड्रायव्हर येणार नाही ना.

पेशन्स४०:
नाही येणार, पूर्ण डिस्कची सेक्टर टू सेक्टर कॉपी हवी. साध्या क्लोन प्रोग्रामपेक्षा डीडीरेस्क्यू वापरा. ३२ बिटची एखादी लिनक्स रेस्क्यू सीडी घ्या ज्यात ते असेल, सीडीवरून बूट, विंडोज चालूच करायचं नाही. याचं वैशिष्ट्य असं की पहिल्या फेरीत जे सरळ वाचता येतंय ते उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं, आणि मग वाईट भागाकडे परत येतं. साधा प्रोग्राम पहिल्या खड्ड्यातच डोकं आपटत बसतो आणि तोवर डिस्क संपते. मॅप फाइल (किती वाचून झालं त्याची नोंद) पेन ड्राइव्हवर ठेवा, मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे चालू होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, कुठून कुठे. आधी डिस्कची यादी काढा आणि साइज बघून ठरवा, ४० वाली सोर्स, १६० वाली टार्गेट, कागदावर लिहा, मगच एंटर. उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर कॉपी होईल आणि तिथून मागे येता येत नाही.

झालं की पीसी बंद करा, प्लग काढा, जुनी डिस्क पूर्ण सोडवा आणि नवीन प्रायमरीवर नव्या केबलने एकटी लावा. दोन्ही जोडलेल्या ठेवून पहिल्यांदा बूट करायचं नाही. क्लोनची सही (एक्सपी डिस्क ओळखतं तो क्रमांक) जुन्या डिस्कसारखीच असते, एक्सपी दोघींना एकदम पाहिलं की नवीनला दुसरंच ड्राइव्ह लेटर देऊन टाकतं आणि मग लॉगिनच्या स्क्रीनपाशी अडकतं. लेबलवर एकटीसाठी वेगळं जंपर सेटिंग असेल तर तेही बदला. आणि डिस्कला तिचेच छोटे स्क्रू लावा, लांब स्क्रू आत बोर्डला जाऊन टेकू शकतो.

जुनंयंत्र:
झालं!! पहिली फेरी सुमारे तीन तास, मग वाईट भागावर रात्रभर. शेवटी ४८ केबी वाचता आलं नाही, बाकी सगळं आलं. नवीन डिस्कवर एक्सपी चालू झालं, स्कॅनर दिसतो, ड्रायव्हर जागेवर आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उरलेल्या जागेतून दुसरं पार्टिशन केलं आणि शेवट तसाच रिकामा ठेवला. पण सगळं भयंकर हळू आहे, फाइल कॉपी करताना माउससुद्धा अडखळतो. नवीन डिस्कही गेली का?

निळीवायर:
घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनल उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये करंट ट्रान्सफर मोड काय लिहिलंय? पीआयओ असेल तर तेच कारण, त्यात प्रत्येक बाइट प्रोसेसर स्वतः उचलून नेतो, म्हणून माउस अडकतो. सहापेक्षा जास्त चुका झाल्या की एक्सपी एकेक पायरी खाली येत शेवटी पीआयओवर जातं आणि पुन्हा आपणहून वर येत नाही. आधी चुकांचं कारण काढा, केबल दोन्ही टोकांना नीट दाबून बसवा, स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबरची ओळ बघा, ती केबलवरच्या चुकांची, ती वाढत असेल तर केबल, डिस्क नव्हे. ५ आणि १९७ नंबरच्या ओळी (खराब सेक्टरच्या) शून्य असल्या तर डिस्क ठीक समजा. मग तो चॅनल अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट, विंडोज त्याला नव्याने ओळखतं.

जुनंयंत्र:
पीआयओच होतं. निळं टोक एका बाजूने वर उचललेलं होतं, साध्या डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाने दाबलं तेव्हा टक आवाज आला. १९९ वर ११ होते, आता वाढत नाहीत. ५ आणि १९७ शून्य. चॅनल काढून रीस्टार्ट केलं, अल्ट्रा डीएमए मोड ५ आला, आता सगळं पूर्वीपेक्षा जलद आहे.

एकच राहिलं, ते ४८ केबी कुठल्या फाइलमध्ये गेले ते कसं कळणार?

पेशन्स४०:
चेकडिस्क चालवा पण ते फक्त फाइलसिस्टिम तपासतं, फोटोच्या आत भोक पडलंय का ते त्याला कळत नाही. जिथे वाचता आलं नाही तिथे डीडीरेस्क्यू काहीच लिहीत नाही, नवीन डिस्कवर आधी जे होतं तेच राहतं, फोटो असेल तर तो अर्ध्यातून करडा किंवा सरकलेला दिसतो. फोल्डर उघडून एकेक मोठा करून बघणं हाच खात्रीचा मार्ग, थंबनेलवर भरवसा नको, ते कधी कधी वेगळं साठवलेलं असतं. आणि बघून झालं की सगळ्या फोटोंची आणखी एक कॉपी दुसऱ्या पीसीवर, आजच. ही डिस्कही जुनीच आहे.

जुनंयंत्र:
तीन रात्री बसून सगळे पाहिले. एकच फोटो गेलाय, आजी विहिरीपाशी उभी असलेला, खालचा अर्धा करडा. अल्बम घरातच आहे, सकाळी तो परत स्कॅनरवर ठेवला आणि नव्या डिस्कवर पहिला स्कॅन त्याचाच झाला. बाकी सगळ्यांची कॉपी लॅपटॉपवर गेली आहे.