कोलायटिससाठी औषधचाचणीत जायचं तर आधी काय तपासावं?

पाणंद:
धाकट्या भावाला (वय २६, राजापूर) अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे. मेसालामाइन चालू आहे, पण प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) २० मिलिग्रॅमच्या खाली आणलं की पुन्हा रक्त पडतं. मुंबईच्या डॉक्टरांनी टीएल-वन-ए प्रतिपिंडाच्या (सूज वाढवणाऱ्या टीएल-वन-ए प्रथिनाला रोखणारं नवं औषध) चाचणीत येणार का, असं विचारलंय. दुसरीकडे एक दवाखाना स्टेम सेलसाठी पैसे मागतोय. काय करावं?

कातळ:
स्टेम सेलच्या वाटेला जाऊ नका. क्रोन्सच्या (आतड्याचा असाच दुसरा आजार) भगंदरासाठी युरोपात परवाना मिळालेलं डार्व्हाडस्ट्रोसेल हे स्टेम सेलचं औषधसुद्धा मोठ्या चाचणीत प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेली नकली मात्रा) सरस ठरलं नाही; २०२४ मध्ये ते तिथून मागे घेतलं. कोलायटिसला तेवढाही आधार नाही. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडे मागितले की तिथूनच उठावं.

मुंबईच्या चाचणीचा सीटीआरआय (औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा आणि नोंदणीत एथिक्स कमिटीची मंजुरी आणि प्लॅसिबो गट आहे का ते बघा. संमतीपत्राची सही केलेली प्रत जवळ ठेवा. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाई.

खाडीकाठ:
ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून आधी क्षय बघतात, आणि खरी गफलत त्या तपासणीत होते. प्रेडनिसोलोन चालू असताना इग्रा (क्षयासाठीची रक्ततपासणी) खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून छातीचा एक्स-रेही हवाच. सुप्त क्षय (जंतू अंगात, पण त्रास नाही) निघाला तर त्याच्या गोळ्या सुरू करून साधारण महिनाभर थांबतात. हिपॅटायटिस बीसुद्धा बघून घ्या.

आणि रक्त पडतंय म्हणजे औषधच चालेना, असं लगेच धरू नका. आधी शौचाची सी. डिफिसिल (आतड्यातला जिवाणू) तपासणी करा, बायोप्सीत सीएमव्ही (एक विषाणू) बघायला सांगा. यातलं काही असेल तर नुसतं स्टिरॉइड वाढवणं अंगाशी येतं.

पाणंद:
चाचणीबाहेर काही पर्याय?

कातळ:
टोफासिटिनिबच्या गोळ्या. जेनेरिक मिळतं. १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ८ आठवडे. गुण आला तर ५ मिलिग्रॅम दोनदा. नागीण आणि रक्ताच्या गाठींचा धोका असतो. क्षयाच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असेल तर याची रक्तातली पातळी पार खाली जाते. माझ्या मते आधी हेच विचारा, पण क्रम डॉक्टरांशी ठरवा: हे घेतल्यावर काही औषधचाचण्यांत प्रवेश मिळत नाही किंवा मध्ये थांबावं लागतं.

खाडीकाठ:
भाऊ लावणीला चिखलात उतरतो का? ही औषधं चालू असताना पायाला जखम असेल तर उतरू देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) भीती. ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा, चाचणीचं कार्ड दाखवा आणि तिथूनच मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावा. अंगदुखीला डायक्लोफिनॅक टोचून घेऊ नका, त्याने कोलायटिस उसळू शकतो, पॅरासिटामॉल मागा.