बाळाच्या शालीच्या कडा गुंडाळतायत, बॉर्डर कशी करू?

लोकरवेडी:
वहिनीच्या बाळासाठी शाल विणलीये, बारशाला द्यायचीय. चार प्लायची ॲक्रिलिक बेबी लोकर, 10 नंबरच्या सुया, सगळी एक सुई सुलट एक सुई उलट. टाके बंद करून झालेत पण वरची आणि खालची कड पुढे गुंडाळतेय नि बाजूच्या दोन्ही मागे. इस्त्री केली तर बसेल का? का क्रोशेची एक लाइन मारू चारी बाजूंनी?

नागपूरची_मावशी:
इस्त्री अजिबात नको गं, ॲक्रिलिक तापलं की कायमचं लुळं पडतं, मऊपणा गेला तर परत येत नाही. सुलट-उलट विणीचा तो स्वभावच आहे, वळणारच. क्रोशेच्या एका लाइनीने थांबणार नाही, लाइनीसकट वळेल. सिंगल क्रोशेच्या चार-पाच लाइनी कर, कोपऱ्यावर एकाच टाक्यात तीन घाल म्हणजे कोपरा ओढला जाणार नाही. जाळीची लेस मात्र नको, तान्ह्या बाळाची बोटं अडकतात त्यात.

सुईदोरा:
मी तर सुयांवरचीच बॉर्डर करीन, क्रोशे जरा कडक होतो आणि बाळाच्या गालाला लागतो. लांब गोल सुई (दोन टोकांमध्ये लवचिक तार असलेली) घ्या आणि चारी बाजूंनी टाके उचला, म्हणजे कडेतून लोकर ओढून नवे टाके सुईवर घ्या. सगळा खेळ इथेच आहे. वरच्या-खालच्या कडेला टाक्याला टाका, पण बाजूच्या कडेला चार ओळींमागे तीनच टाके, म्हणजे तीन उचलायचे, एक ओळ सोडायची. कारण टाका उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो, या लोकरीत 10 सेंमीत साधारण 28 टाके आणि 36 ओळी बसतात. प्रत्येक ओळीला एक उचललात तर बॉर्डरला झालर येते, फार कमी उचललेत तर शाल आखडते.

मग एक फेरी उलट, एक फेरी सुलट असं करत दीडेक इंच विणा, सरळ सुयांवर सगळं सुलट विणल्यावर दिसतं तसंच दिसतं आणि ते वळत नाही. चारी कोपऱ्यांच्या टाक्याला मार्कर (खुणेची रिंग) लावा नि दर सुलट फेरीला त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा.

लोकरवेडी:
अरे वा, तीनास एक हे कुणी सांगितलंच नव्हतं! पण शेवटी टाके बंद करताना माझा हात घट्ट पडतो, त्याचं काय?

सुईदोरा:
बंद करताना 8 नंबरची, म्हणजे जरा जाड सुई घ्या, हात तोच ठेवा. किंवा दोन टाके सुलट विणा, ते डाव्या सुईवर परत घ्या, मागच्या बाजूने एकत्र विणून एक करा, मग पुढचा एक विणा, परत तेच. ताण दिला तरी काठ सुटसुटीत राहतो. आणि फेरीच्या लांबीच्या चौपट तरी लोकर शिल्लक आहे ना ते आधी बघा, शेवटच्या कोपऱ्यात लोकर संपली तर फार जीव जातो.

एडिसन_एनजे:
परदेशातून वाचणाऱ्यांसाठी, भारतातली 10 नंबर सुई म्हणजे 3.25 मिमी आणि 8 म्हणजे 4 मिमी. अमेरिकेत नंबर उलटे चालतात, इथली 10 म्हणजे 6 मिमी, त्यामुळे मिमी बघूनच घ्या.

लोकरवेडी:
गोल सुई आहे माझ्याकडे, 80 सेंमीची. एवढे टाके मावतील का तिच्यावर?

सुईदोरा:
लहान शाल असेल तर दाटीवाटीने मावतील, पण 100 सेंमीची मिळाली तर कोपरे ताणले जात नाहीत.