दिल्ली–बागडोगरा विमानात हिमालय कुठल्या खिडकीतून? (सोसायटी ग्रुप, शाहूनगर, सातारा)

बी-२०३ (वहिनी): नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आम्ही चौघं दार्जिलिंगला निघतोय. इथून गाडीने पुणे, मग पुणे–दिल्ली, पुढे दिल्ली–बागडोगरा. सीट निवडायचे वेगळे पैसे मागतायत. हिमालय दिसायला कुठली बाजू घ्यावी? की कुठलीही खिडकी चालते?

ए-१०१ (काका): कुठलीही घेऊ नका वहिनी. जाताना डावी बाजू, म्हणजे ‘ए’. विमानाचं तोंड पूर्वेला असतं आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला. परतताना तोंड पश्चिमेला, त्यामुळे उजवी, ‘एफ’. बरेच जण दोन्ही वेळेला ‘ए’ घेतात आणि येताना खाली नुसतं गंगेचं मैदान बघत बसतात.

सी-४०४ (सर): काकांचं बरोबर आहे. उन्हाचाही विचार करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे डोंगराच्या खिडकीत ऊन येत नाही आणि आपल्याकडे तोंड केलेल्या बर्फावर नेमका उजेड पडतो. फक्त संध्याकाळचं विमान टाळा. नोव्हेंबरात तिकडे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. सकाळचं सगळ्यात उत्तम, दुपारकडे डोंगरांवर ढग चढायला लागतात.

बी-२०३ (वहिनी): पुणे–दिल्लीलाही डावीच घेऊ का?

सी-४०४ (सर): त्या टप्प्यावर पैसे घालू नका. फुकटात मिळाली तर डावी घ्या. उड्डाणानंतर थोड्या वेळाने कळसूबाई-हरिश्चंद्रगडाची रांग पश्चिमेला, म्हणजे त्याच बाजूला असते. पुढे दिल्लीपर्यंत खास काही नाही.

ए-३०२ (ताई): बाजू ठरली तरी रांग चुकली की सगळं पंखाखाली जातं. एअरबस ३२० मध्ये साधारण ९ ते २० या रांगांना खाली बघितलं की पंखच दिसतो. ३२१ लांब असतं, तिथे हा पट्टा आणखी मागे जातो. पंखाच्या पुढची रांग मिळाली तर तीच घ्या. मागे अगदी शेवटाकडे बसलं तरी दिसतं, पण इंजिनातून निघणारी गरम हवा मधे येते. तव्यावरून पलीकडे बघितल्यासारखं चित्र थरथरतं आणि झूम केलेला फोटो धूसर येतो.

पैसे भरण्याआधी एरोलोपा नावाच्या साइटवर त्या विमानाचा नकाशा बघा. सीटशेजारी खिडकी नेमकी कुठे येते ते त्यात मापात दाखवलंय. काही रांगांना ‘खिडकीची सीट’ म्हणून पैसे घेतात आणि शेजारी नुसती भिंत असते. बोइंग ७३७ ला डावीकडे पंखाच्या जरा पुढे एक खिडकीच नसते, कारण तिथून एसीची नळी वर जाते.

चौघांसाठी तीन-अधिक-एक असं बसू नका. एकामागे एक दोन रांगांत ‘ए’ आणि ‘बी’ घ्या. दोघांना खिडकी मिळते आणि मधेच जागा बदलता येते.

बी-२०३ (वहिनी): हे भारी सांगितलंत ताई. आणि नेमकं काय काय दिसेल? एव्हरेस्ट ओळखायचं कसं?

ए-१०१ (काका): हवा स्वच्छ असेल तर ओळीने येतात: आधी धौलागिरी (८,१६७ मीटर), मग अन्नपूर्णा, मनास्लू. मग बऱ्याच अंतराने एव्हरेस्ट, मकालू आणि शेवटी कांचनजंगा. एव्हरेस्ट शंभर-दीडशे किलोमीटर लांब असतं, म्हणून ते डोक्याएवढं उंच दिसेल असं समजू नका. क्षितिजावर दातेरी पांढरी पट्टी दिसते, तिच्यात शोधायचं.

आता खूण सांगतो. दक्षिणेकडून बघताना एव्हरेस्टच्या पुढे नुप्त्से-ल्होत्सेची लांब भिंत आडवी येते. त्या भिंतीमागून नुसतं काळपट त्रिकोणी टोक वर आलेलं असतं, ते एव्हरेस्ट. वारा जोराचा असला की त्या टोकावरून उजवीकडे बर्फाचा धुरळा उडताना दिसतो. त्याच्या उजवीकडे सुटा उभा असलेला डौलदार सुळका म्हणजे मकालू. लोक बहुतेक वेळा त्यालाच एव्हरेस्ट समजून फोटो काढतात. कांचनजंगा (८,५८६) चुकायची नाही, ती एकटी सुळक्यासारखी नाही, अनेक शिखरांचा भलाथोरला पसारा आहे. बागडोगऱ्याला उतरताना विमान वळतं, तेव्हा ती उजवीकडच्यांनाही दिसू शकते.

डी-५०१ (दादा): आम्ही जूनमध्ये दिल्ली–लेह करतोय. तिथे उजवी बरी असं ऐकलंय. त्सो मोरिरी सरोवर त्या बाजूला आहे ना?

सी-४०४ (सर): सरोवर उजवीकडे, हे खरं. पण लेहची विमानं सकाळची असतात, दुपारी तिथला वारा आणि विरळ तापलेली हवा विमानाला अवघड जाते. विमानतळच १०,६८२ फुटांवर आहे. विमान उत्तरेला जातं, सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या खिडकीत थेट डोळ्यांवर ऊन आणि काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकणार. डावीकडे उजेड आपल्या पाठीकडून डोंगरावर पडतो आणि नुन-कुन शिखरांची जोडी (७,१३५ आणि ७,०७७ मीटर) त्याच बाजूला आहे. मी डावीच घेईन. सकाळीच परतणार असाल तर येताना ‘एफ’.

ए-३०२ (ताई): मला मात्र उजवी बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. ज्याला फोटो नकोत, नुसतं बघायचंय, त्याने गॉगल लावून सरोवरं बघावीत. शेवटी सिंधूच्या खोऱ्यात वळणं घेताना दोन्हीकडे डोंगर अगदी जवळ येतात. के-टू शिखराच्या नादी मात्र लागू नका, ते जवळपास नाकासमोर येतं आणि समोरचं खिडकीतून दिसत नाही.

सी-४०४ (सर): मान्य. कोलकाता–बागडोगरा मार्गाचीही तीच अडचण, कांचनजंगा बरोबर समोर येते.

बी-२०३ (वहिनी): फोटो मोबाईलवरच काढायचेत.

ए-३०२ (ताई): आतली काच प्लास्टिकची असते. बसल्या बसल्या मऊ कापडाने पुसून घ्या. मोबाईल काचेच्या अगदी जवळ धरा पण टेकवू नका, विमानाची थरथर फोटोत उतरते. अंगात गडद कपडे असू द्या, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेत येतं. बर्फावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर बर्फ नुसता पांढरा डाग होतो. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा, प्लास्टिकच्या काचेतून इंद्रधनुषी पट्टे येतात.

ए-१०१ (काका): एक महत्त्वाचं. पुणे, बागडोगरा, लेह, श्रीनगर हे सगळे हवाई दलाचे तळ आहेत. जमिनीवर, टेक-ऑफ घेताना आणि उतरताना फोटो काढायचे नाहीत. पडदा खाली करा म्हटलं तर निमूट करायचा.

डी-५०१ (दादा): विमान आयत्या वेळी बदललं तर?

सी-४०४ (सर): सीट दुसरीच मिळू शकते. म्हणून साधारण ४८ तास आधी वेब चेक-इन सुरू झालं की लगेच नकाशा परत बघा. आणि फ्लाइटरडार२४ या विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या साइटवर त्याच नंबरच्या विमानाचा मागच्या सात दिवसांचा मार्ग फुकट दिसतो. त्या मार्गावर डोंगर कुठल्या हाताला पडतात ते तिथे पक्कं कळतं.

डी-५०१ (दादा): आणि डिसेंबरात मुंबई–गोवा आहे. त्याला काय?

ए-१०१ (काका): डावी घ्या दादा. उजवीकडे समुद्र, डावीकडे आपला सह्याद्री. महाबळेश्वरचं पठार आणि त्यामागे कोयनेचा शिवसागर, पाण्याची लांबच लांब पट्टी. तिथे मात्र दुपारचं विमान बरं, सकाळी सूर्य डोंगरामागून डोळ्यांवर येतो.

बी-२०३ (वहिनी): आमची रांग ६, ‘ए-बी’ आणि रांग ७, ‘ए-बी’ घेतली. परतीला त्याच रांगांत ‘ई-एफ’.