‘ठेंगू’ शब्दावर बंदी? मग शब्दकोशच जाळा ना!

तिरकस_तात्या
काल इथे एका ताईंनी मागणी केली, की ‘बुटका’, ‘ठेंगू’, ‘दीडफुट्या’ हे शब्द मालिका, विनोदी कार्यक्रम आणि पाठ्यपुस्तकांतून कायद्याने हद्दपार करा आणि वापरणाऱ्याला दंड ठोका. दाखला कसला, तर २०२२ साली इंग्लंडात मार्क्स अँड स्पेन्सरने ‘मिजेट जेम्स’ (मिजेट म्हणजे बुटका) नावाच्या गोळ्यांचं ‘मिनी जेम्स’ केलं. खाली सगळे ‘अगदी मनातलं बोललात’ करत बसलेत, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गोळ्यांचं बारसं करून कुणाचं भलं झालं? आमच्या डोळ्यांदेखत लंगड्याचा अपंग झाला. मग २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधान रेडिओवर ‘दिव्यांग’ म्हणाले आणि सगळ्या पाट्या पुन्हा रंगल्या. पाटी बदलली, खालच्या चार पायऱ्या तशाच. आमच्या गल्लीतली पोरं आता ‘ए दिव्यांग’ म्हणून चिडवतात. शिवी शब्दात नसते हो, बोलणाऱ्याच्या मनात असते. आमच्या बागेत ठेंगू जातीचे नारळ आहेत, शेतीच्या पुस्तकांत तसंच छापतात. त्यांना काय ‘उंचीविशेष माड’ म्हणू?

काळाकोट
तात्या, माड कोर्टात जात नाही, माणूस जातो. तुमचं आणि त्या ताईंचं, दोघांचंही कायद्याचं वाचन शून्य. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात खुजेपणा आहेच: प्रौढपणी उंची ४ फूट १० इंच किंवा कमी. कलम ९२ वाचा. चारचौघांत मानहानी करायच्या हेतूने अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद, वर दंड. शब्दांची यादी नाही, हेतू बघतात. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात चित्रपटांबद्दलही हाच फरक केला, की दिव्यांगांचं जगणं समजावणारा विनोद वेगळा आणि त्यांना हिणवणारा वेगळा. मग नवी बंदी कशाला?

तीन_दहा
आयडी ही माझी उंची आहे, म्हणजे ओळख झाली.

नववीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला न विचारता काम दिलं. संवाद एकही नाही. विंगेतून यायचं, नायकाने ‘ही दीडफुटी कुठून उगवली’ म्हणायचं, मी धडपडायचं. सर म्हणाले, बघ किती टाळ्या पडल्या! त्यानंतर दहावी होईपर्यंत शाळेत मला नावाने हाक मारणाऱ्या फक्त दोघी होत्या. ते वाक्य सरांनी टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातून उचललं होतं. पोरांना शिव्या शोधाव्या लागत नाहीत तात्या, आयत्या मिळतात.

काळाकोट, तुमचं कलम ९२ घेऊन मी चौकीत गेलेय. काउंटर माझ्या कपाळापर्यंत. पलीकडून हवालदार वाकले आणि म्हणाले, “बाळ, आई कुठेय?” तेव्हा मी बँकेत नोकरीला होते.

आणि ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’वाल्यांनी या धाग्यापासून लांब राहावं.

कंदी_पेढा
ताई, पण वामनाने तीन पावलांत... बरं, जातो.

तंबूवाला
शब्दांवर भांडताय, पोटाचं कोण बोलणार? मी सर्कशीत हिशेब लिहायचो. वाघ-सिंह गेले, हत्ती गेले, गर्दी आटली. जोकर तेवढे उरले होते. तंबूत त्यांना ‘बुटक्या’ कुणी म्हणत नव्हतं, उस्ताद म्हणायचे. मालकाला तोंडावर बोलायची हिंमत त्यांचीच. आज त्यातले कितीतरी लग्नाच्या दारात फेटा बांधून पाहुण्यांना गुलाब देतात. तुम्ही अपमान-अपमान करून तेही बंद पाडाल. मग तुमच्या बँकेत घेणार का त्यांना?

ल्योनकर
फ्रान्समध्ये नेमकं हेच झालंय. डिस्कोत लोक खुज्या माणसाला उचलून गादीवर फेकायचे, करमणूक म्हणून. १९९१ मध्ये मोर्सां-स्युर-ऑर्जच्या महापौरांनी ते बंद केलं. कोर्टात कोण गेलं? ज्याला फेकत तो मान्युएल वाकेनहाइम स्वतः. म्हणाला, काम असण्यातच माझी प्रतिष्ठा आहे. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात हरला, २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडेही हरला. मला आजही तो चूक वाटत नाही.

तीन_दहा
ल्योनकर, तुम्हाला कुणी फेकलेलं नाही म्हणून. खुजेपणात पाठीच्या कण्यातली जागा मुळातच अरुंद असू शकते. एखादी फेक चुकली तर माणूस कायमचा अंथरुणाला. त्याने हवं तर कोर्टात लढावं, पण त्याला बघून उद्या बारमधल्या दारुड्याने मला उचललं, तर जबाबदारी कुणाची?

तंबूवाले, उस्ताद म्हणत होतात ना? मग पोस्टरवर काय छापायचात ते सांगा.

तंबूवाला
पोस्टर मालक छापायचा. मला शिकवू नका. तुम्हाला आई-बापांनी शिकवलं, त्या पोरांना आई-बापांनीच आणून सोडलं होतं तंबूत. मालकाने निदान जेवू घातलं.

इंच_इंच
मूळ विषय राहिला बाजूला, म्हणून माझंही रडगाणं ऐका. भावाची उंची ४ फूट १ इंच. प्रमाणपत्राला गेलो तेव्हा ४ फूट १० इंचांच्या खाली प्रत्येक इंचाला चार टक्के, असा हिशेब. नऊ चोक छत्तीस. सवलत चाळीसपासून. म्हणजे रस्त्यावर तो शंभर टक्के बुटका, आणि सरकारदरबारी चार टक्के कमी पडतो. शब्द बदला नाहीतर ठेवा, आधी ती फूटपट्टी बदला.

काळाकोट
सांध्यांत, हाडांत व्यंग असेल तर ते वेगळं मोजून मिळवतात. अपील करा.

इंच_इंच
केलं होतं. साहेबांनी पुन्हा उंचीच मोजली.

तिरकस_तात्या
ठीक आहे बाई, टीव्हीवाल्यांनी ‘दीडफुट्या’ सोडावा, आमची मराठी काही मरणार नाही. तेवढं एक मान्य. पण दंडबिंड नाही. उद्या माझ्या टकलावर कुणी बोललं तर मीही कलम मागेन.

तीन_दहा
टक्कल बघून तुम्हाला कुणी न विचारता कडेवर घेतलंय का कधी? घेतलं की सांगा, दोघे मिळून मागू.

तंबूवाले, तुम्ही उत्तर टाळलंत. लग्नाच्या दारात उभं राहायचे किती मिळतात?

तंबूवाला
ठेकेदारावर आहे. नक्की आकडा ते सांगत नाहीत. जेवण असतं.

तीन_दहा
पाहुण्यांबरोबर?

तंबूवाला
पंगती उठल्यावर.

काळाकोट
ठेकेदाराचं नाव असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. इथे लिहू नका.