लिबरेटरला ‘उडती शवपेटी’ म्हणणे कितपत न्याय्य?

उत्तरायण: ‘बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी बॉम्बफेकी विमान म्हणजे उडती शवपेटी होती, फोर्डच्या कारखान्याने धडाधड विमाने काढली म्हणून ती गाजली’, असे काल इथे लिहिले गेले आणि पुराव्यादाखल इंग्लंडमधील फ्रेकल्टन, ‘लेडी बी गुड’ हे विमान व रुमानियातील तेलनगरी प्लोएश्तीवरचा बॉम्बहल्ला ही नावे पुढे केली गेली. ही तिन्ही एका माळेत ओवणे मला मान्य नाही. २३ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रेकल्टनच्या शाळेवर विमान कोसळून ३८ मुलांसह ६१ जण दगावले, परंतु ते चाचणी-उड्डाणावरून माघारी बोलावलेले विमान भीषण वादळात सापडले होते. एप्रिल १९४३ मध्ये नेपल्सच्या मोहिमेवरून परतणारे ‘लेडी बी गुड’ तळ ओलांडून लिबियाच्या वाळवंटात शेकडो किलोमीटर आत गेले, ते दिशा चुकल्यामुळे. उलट, मध्य अटलांटिकच्या ज्या पट्ट्यात किनाऱ्यावरून विमाने पोहोचत नव्हती, तिथे १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांना लिबरेटरनेच जेरीस आणले.

रिव्हेट: प्लोएश्तीबद्दल आपण अवाक्षर काढलेले नाही. १ ऑगस्ट १९४३ रोजी पावणेदोनशेच्या आसपास लिबरेटर गेली, पन्नासहून अधिक गमावली. जमिनीलगत उडण्याची योजनाच घातक होती, हे मी मान्य करतो. तरीही ज्या लांब, अरुंद डेव्हिस पंखामुळे पल्ला मिळाला, तोच पंख मारा लागल्यावर दगा देई. शिवाय पुढच्या माणसाला मागे जायचे तर बॉम्बच्या कप्प्यातील वीतभर रुंदीच्या पट्टीवरून, आणि पॅराशूट बांधून तिथून निसटणे किती कठीण, याचा विचार करावा.

उत्तरायण: पंखाचा मुद्दा नाइलाजाने मान्य. ‘शवपेटी’ मात्र मान्य नाही.

लोहगाव_फाटा: माझे आजोबा लोहगावला याच विमानांवर फिटर होते. त्या पट्टीवर ते आडवे पाऊल टाकत चालत, आणि कप्प्यात पेट्रोलचा वास आला की आधी गळती शोधत, मग पुढचे काम. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मुद्दाम नासवून टाकलेली ही विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी उडण्याजोगी केली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली, आणि तिथे पूर्ण दुरुस्त झालेली चाळीसहून अधिक लिबरेटर हवाई दलात आली. सागरी टेहळणीसाठी ती १९६८ पर्यंत उडाली. शवपेट्या वीस वर्षे उडत नाहीत.

रिव्हेट: आजोबांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या विमानांवर विमानवेधी तोफा चालत नव्हत्या. आणि ‘मुद्दाम नासवून’ या शब्दांत जो रोष आहे तो अनाठायी आहे. उधार-पट्टा करारानुसार, म्हणजे युद्धात मित्रराष्ट्रांना अमेरिकी सामग्री वापरायला देण्याच्या करारानुसार, ती विमाने अमेरिकेची होती आणि ती दुसऱ्याच्या हाती वापरण्याजोगी राहू नयेत, अशीच अट होती.

लोहगाव_फाटा: अट कोणाचीही असो, हातोडे कोणी चालवले? आज ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात जे लिबरेटर उभे आहे, ते भारतीय हवाई दलाने दिलेले आहे, हे तरी आपल्याला ठाऊक आहे काय?

रिव्हेट: ठाऊक आहे, आणि त्याचे श्रेय बंगळूरच्या कारागिरांना नि:संशय द्यावे. पण ते श्रेय कारागिरीचे आहे, विमानाच्या आराखड्याचे नव्हे.

उत्तरायण: मग अपघातांचे खापर तरी सरसकट आराखड्यावर का फोडता? फ्रेकल्टनच्या आकाशात वीज कडाडत होती. तिथे कोणते विमान तरले असते, ते नाव घेऊन सांगावे.