घरामागून रात्री कोण जातंय? (मोरगाव-सुपे पट्टा)

ओसरी | ११ डिसेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मला थोडक्यात लिहिता येत नाही, सांभाळून घ्या.

आम्ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, मोरगाव-सुपे पट्ट्यात वस्तीवर राहतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे लग्नाआधी रानातला प्राणी म्हणजे पेशवे पार्कातला, एवढीच ओळख. आता शाळू, हरभरा, थोडा कांदा, दोन म्हशी आणि सासऱ्यांचा रेडिओ.

घरामागे कांद्याचं रान, पलीकडे ओढा, ओढ्यापुढे फॉरेस्टचा माळ. परवा दारं धरताना, म्हणजे वाफ्यांना पाणी देताना, पाट फुटला आणि बांधालगतच्या पायवाटेवर चिखल झाला. सकाळी म्हशींना वैरण टाकायला गेले तर चिखलात ठसे. चार बोटं, एकमेकांना चिकटलेली, पुढे नखांचे टोचे अगदी स्पष्ट. शेजारी आगपेटी ठेवून पाहिली. पुढच्या पायाचा ठसा दीड आगपेटी लांब भरला. मागच्या पायाचा मात्र बराच लहान, इतका की मला आधी दोन वेगळी जनावरं गेली असं वाटलं. पण वाट एकच, पावलांची चाल एकच. त्याच बांधावर पुढे विष्ठा होती, वाळून चुन्यासारखी पांढरी झालेली. काडीने फोडली तर आत हाडांचा भुगा आणि केस. (हो, मी विष्ठा फोडून बघते. आईला सांगू नका.)

आता घरातली मतं. सासरे म्हणतात तरस. नवरा म्हणतो, कुठलंतरी मोठं कुत्रं असेल, चला कामाला लागा. शेजारचे म्हणतात बिबट्या, पण त्यांना हल्ली मांजरही बिबट्या दिसतं. व्हॉट्सॲपवर कुठला तरी जुना व्हिडिओ येतो आणि संध्याकाळी सात वाजता सगळ्या वस्तीची दारं बंद. आमचा मोती एरवी पानाच्या आवाजाला भुंकतो. तो मध्यरात्रीनंतर कधीतरी गुपचूप गोठ्यात जाऊन म्हशीच्या पोटाशी बसतो, तोंडातून अवाक्षर नाही. कोल्हेकुई ऐकू येते ती पहाटे, ओढ्याकडून. ती मला ओळखता येते.

विचारायचं कारण असं की आमच्याकडे शेतपंपाची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा एकटा बॅटरी घेऊन कांद्याला पाणी देतो. माणूस रात्रभर रानात असताना शेजारून कोण जातंय हे माहीत असलेलं बरं. त्याला हाकलायचं नाहीये. खरं सांगायचं तर थंडीचे हे दोन-तीन महिने मला इथे सगळ्यात आवडतात. दिवाळी झाली की पडवीत थिरथिरा येतो, शेपूट थरथरवत दिवसभर म्हशींच्या माश्या वेचतो. दुपारी शाळूवरून भोवत्या हा शिकारी पक्षी इतका खालून उडतो की कणसांना पंख लागतील असं वाटतं. पहाटे हरभऱ्यात शिरलं की आंबीने पोटऱ्या चुरचुरतात. हे सगळे येतात तर रात्रीचा पाहुणाही येऊ दे. फक्त त्याची ओळख हवी.

मेंढका | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

ताई, सासरे बरोबर आहेत. तरसच.

आमचं घर मेंढरांचं. दिवाळीनंतर आमचे निम्मे वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप आणि माणसं, घाट उतरून कोकणात जातात, आम्ही हल्ली इथेच फिरतो. लांडग्याचा पाय मला झोपेतही ओळखता येईल. लांडग्याच्या पुढच्या-मागच्या पावलात फरक असतो, पण तुम्ही म्हणता तितका नाही. तरसाचं सगळं वजन पुढं. मान जाड, खांदे उंच, मागची बाजू उतरती, म्हणून पुढचा पंजा एवढा मोठा पडतो. पांढरी लेंडी म्हणजे हाडं खाल्ल्याची खूण. दुसरं जनावर मांस खाऊन जातं, हा मागं उरलेली हाडं फोडतो.

लांडगा सध्या वेगळ्याच गडबडीत असतो. थंडीत त्याची पिल्लं होतात, बिळाजवळ राहायचं, शिकार करायची, परत यायचं. तेव्हा मेंढराला जपावं लागतं. माझा आजा लांडग्यानं कोकरू नेलं तर शिव्या द्यायचा, पण वरून म्हणायचा, त्याचाही वाटा आहे. मी एवढा मोठ्या मनाचा नाही. कोकरू गेलं की मला पैसे दिसतात.

एक विचारतो. जवळपास पोल्ट्री आहे का?

लेन्सवाला_कोथरूड | ११ डिसेंबर, रात्री ११:०५

वा! तरसाचा रोजचा मार्ग म्हणजे लॉटरीच. ताई, लोकेशन मेसेज करा ना प्लीज. रविवारी पहाटे दोन गाड्या काढून येतो, बांधावर कॅमेरा लावू. चहाचं आमच्याकडे लागलं.

उसातला | १२ डिसेंबर, सकाळी ७:१५

आम्ही जुन्नरकडचे, बिबट्यात हयात गेली. त्याचा ठसा गोल असतो आणि नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. तुमच्याकडे नखं दिसतायत, म्हणजे बिबट्याचा विषयच संपला. शेजाऱ्यांना सांगा, निवांत झोपा.

तरीही रात्री पाणी देणाऱ्यासाठी आमच्याकडची पद्धत सांगतो. वाकून किंवा उकिडवं बसून फार वेळ राहायचं नाही. बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं. मोबाइलवर भजन लावून ठेवायचं, आवाज मोठा. आमचे चुलते त्यासाठी खास तमाशाची गाणी लावतात, घरच्यांना सांगतात भजन होतं.

आता इथे ऊसतोड सुरू आहे. फडात बछडी सापडतात आणि लोक त्यांना कडेवर घेऊन फोटो काढत बसतात. तसं करू नये. वनखात्याला १९२६ वर फोन करावा. ते लोक बछडी तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, बहुतेक वेळा मादी रात्रीतून येऊन उचलून नेते. नाहीच आली तर मग माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आहे. पण पिलाने आईजवळ वाढलेलं केव्हाही चांगलं.

पाचोळा | १२ डिसेंबर, सकाळी ११:३०

ओसरीताई, वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरज नाही. पट्टेरी तरस. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं व्याख्यान सहन करा.

हा प्राणी एकटा हिंडतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचं ते 'हसणं' आपल्या तरसाकडून ऐकायला मिळत नाही. घाबरला की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी करतो आणि आहे त्याहून बराच मोठा दिसतो. कुत्र्यांनी घेरलं तर कधीकधी मेल्याचं सोंग घेऊन पडतो. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. शेळीचं करडू किंवा कुत्र्याचं पिल्लू मात्र उघड्यावर असलं तर उचलू शकतो. मोती गोठ्यात जाऊन बसतो ते शहाणपणाचंच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तरस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याइतकंच संरक्षण. मोरगाव-सुपे म्हटलं की लोकांना मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा आठवतात, पण ते अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तरस, लांडगा, खोकड ही मंडळी तेवढ्यात मावत नाहीत. ती तुमच्या-आमच्या बांधावरून, पडीक रानातून, गायरानातूनच जगतात.

आता खरी काळजीची गोष्ट. रात्री पाणी देणाऱ्या माणसाला तरसापेक्षा घोणसेचा धोका कितीतरी जास्त. साप थंडीत गुडूप झोपतात असं लोक धरून चालतात. घोणसेच्या बाबतीत ते खरं नाही. आपल्याकडे हाच तिच्या मिलनाचा काळ. नर मादीच्या शोधात फिरतात, ओलावा आणि उंदीर असतील तिथे, बांधाच्या गवतात, पाटाच्या कडेला. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते, पण पाण्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही. यजमानांना गमबूट घ्यायला लावा, बॅटरी डोक्याला बांधायची घ्या म्हणजे हात मोकळे राहतात. चावलीच तर बांधणं-चिरणं नको, मांत्रिक नको, पाय फार न हलवता थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय. ते कुठे आहे हे आजच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता नको.

मेंढका यांनी पोल्ट्रीचं विचारलंय, त्याचं उत्तर द्याच.

ओसरी | १२ डिसेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं" हे वाक्य आज जेवताना अनेकदा ऐकलं.

मेंढका, आहे पोल्ट्री. ओढ्याच्या पलीकडे शेड आहे आणि मेलेल्या कोंबड्या सरळ ओढ्यात फेकतात. वास आला की आम्ही शिव्या घालायचो, पण ठशांशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात नव्हता. आज दुपारी बांधावरून चालत गेले. वाट अगदी सरळ: आमचा कांदा, ओढ्याचा उतार, शेडच्या मागची घळ. घळीत पिसं, हाडं आणि सात-आठ भटकी कुत्री. शेडमालकाला भेटले. म्हणाले, खड्डा घेऊन चुना टाकून पुरायला माणूस मिळत नाही. नवऱ्याने जेसीबीवाल्याचा नंबर दिलाय, बघू.

यात माझी थोडी पंचाईत आहे. कोंबड्या पुरल्या तर तरस आमच्या बांधावरून येणं सोडेल कदाचित. पण ती कुत्री तिथे पोसली जातायत हे मला जास्त खटकलं. मागच्या वर्षी त्यांनीच पलीकडच्या वस्तीवरची करडं फाडली आणि नाव लांडग्यावर गेलं.

लेन्सवाला, राग मानू नका, पण नाही. दोन गाड्यांच्या चार होतात, मग कोणीतरी कोंबडी टाकून त्याला उजेडात आणायचं बघतं. माळावर लांडग्यांची पिल्लं असतील तर त्यांच्याही मागे लागतात. इंदापूरकडे कडबनवाडीला वनखात्याची रीतसर सफारी आहे, तिकडे जा. गावाचं नाव का दिलं नाही ते आता कळलं असेल.

घोणसेचं वाचून मात्र पोटात गोळा आला. गमबूट बारामतीहून मागवलेत. नवरा म्हणतो, चिखलात बूट अडकतो आणि पाय बाहेर येतो, त्यापेक्षा अनवाणी बरं. कोणी समजवा.

पाचोळा | १२ डिसेंबर, रात्री ९:४८

कुत्र्यांबद्दल तुमचं निरीक्षण अगदी योग्य. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग भटक्या कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांपर्यंत पोचतात, त्यामुळे मेलेल्या कोंबड्या पुरल्या जाणं सगळ्यांच्याच भल्याचं. तरस दुसरं काही शोधेल, त्याची चिंता नको.

लेन्सवाला_कोथरूड | १२ डिसेंबर, रात्री १०:०२

ठीक आहे ताई, समजलं. कडबनवाडीला जातो. चहाची ऑफर मात्र कायम.

मेंढका | १२ डिसेंबर, रात्री १०:३०

दादांना सांगा, बूट अडकतो कारण बूट मोठा आहे. एक नंबर कमी घ्या, आत जाड मोजे घाला, पाय उचलताना आधी टाच उचला. दोन दिवस बोंबलतील, मग सवय होते. आणि दारं मोडताना हात बांधाच्या गवतात घालू नका म्हणावं, आधी खोऱ्यानं गवत हलवून घ्या.