पायथन: लायब्ररीच्या फंक्शनमध्ये शिरताच येत नाही, आणि वेळ २३ मिनिटांनी चुकतेय

फलाट_चार:
मुंबई शेअर बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो, ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून साठवायची आहे. पायटीझेड या टाइमझोनच्या लायब्ररीतला 'एशिया/कोलकाता' झोन घेतला आणि डेटटाइम (तारीख-वेळ) बनवतानाच टीझेडइन्फोला (झोनच्या जागी) दिला. अ‍ॅजटाइमझोन (वेळ दुसऱ्या झोनमध्ये नेणारं फंक्शन) केल्यावर ३:४५ यायला हवं, येतं ३:२२. तोच झोन डेटटाइम.नाऊला दिला की वेळ बरोबर! आत काय होतंय ते बघावं म्हणून व्हीएस कोड एडिटरमध्ये एफ११ (फंक्शनमध्ये शिरायची कळ) दाबतो, तर लायब्ररीत न शिरता थेट पुढच्या ओळीवर.

रात्रपाळी:
एफ११ चं आधी. लाँच.जेसन या डीबग सेटिंगच्या फाइलमध्ये जस्टमायकोड फॉल्स करा. ते मुळात ट्रू असतं, म्हणून डीबगर फक्त तुमच्याच फाइलींत थांबतो.

तरी डेटटाइम बनवण्याच्या ओळीत शिरता येणार नाही, तो भाग सी भाषेत आहे. अ‍ॅजटाइमझोनही सीमध्येच, पण ते झोनचं यूटीसीऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक सांगणारं फंक्शन) बोलावतं आणि ते पायटीझेडच्या टीझेडइन्फो.पीवाय फाइलीत शुद्ध पायथनमध्ये आहे. तिथे पकडा. अ‍ॅजटाइमझोनच्या आधी ब्रेकपॉइंट() लिहा (३.७ पासून आहे), पीडीबी (पायथनचा स्वतःचा डीबगर) उघडलं की 'एस' दाबा. शिरलात की 'पी' ने सेल्फ (म्हणजे तो झोन) छापून बघा. एलएमटी (स्थानिक वेळ) आणि +५:५३ दिसेल.

तेच तुमचं उत्तर. ५:५३ म्हणजे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. पायटीझेडचा झोन हातात येतो तो त्याच्या इतिहासातल्या या पहिल्या नोंदीवर, आणि डेटटाइम तारीख न बघता तोच चिकटवतो. ५:५३ वजा ५:३० म्हणजे २३. नाऊ मात्र झोनच्या फ्रॉमयूटीसीतून जातं, तिथे तारखेप्रमाणे नोंद निवडली जाते.

(मुंबईची स्वतःची वेळ ४:५१ होती, शहरात १९५५ पर्यंत चालली. बाजाराची वेळ कोलकात्याच्या घड्याळावर लागली म्हणायची!)

फलाट_चार:
दिसलं, ५:५३. मग रिप्लेस करून झोन दिला तर?

रात्रपाळी:
तीच चूक, फक्त दुसऱ्या दाराने. झोन न देता साधा डेटटाइम बनवा आणि आयएसटी.लोकलाइझ मध्ये घाला (आयएसटी म्हणजे तुमचा पायटीझेड झोन). आधीच झोन असलेला दिलात तर व्हॅल्यूएरर येईल.

गोरेगाव_पूर्व:
पायथन ३.९ किंवा पुढचं असेल तर पायटीझेड सोडाच. पायथनमध्येच असलेलं झोनइन्फो थेट टीझेडइन्फोला दिलेला चालतो. विंडोजवर टीझेडडेटा (झोनची माहिती असलेलं पॅकेज) पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने, वेगळं घ्यावं लागतं.

आणि साइट-पॅकेजेसमध्ये (लायब्ररीच्या फाइली असतात त्या फोल्डरमध्ये) जाऊन प्रिंट टाकायचा मोह होतोच. टाकलेत तर नंतर पिप इन्स्टॉलला फोर्स-रीइन्स्टॉल आणि नो-डेप्स हे दोन्ही पर्याय लावून मूळ प्रत परत आणा. नो-डेप्स विसरलात तर त्या पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजंही पुन्हा बसतात, कधी नवी आवृत्ती घेऊन. त्यापेक्षा पीडीबीत 'बी' (ब्रेकपॉइंट) नंतर पायटीझेड.टीझेडइन्फो.डीएसटीटीझेडइन्फो.यूटीसीऑफसेट हे पूर्ण नाव द्या. ओळ क्रमांक शोधावा लागत नाही, फाइलही तशीच राहते.